प्रार्थनेला बसते, पण आत काहीच हलत नाही

या खेपेला आलेल्या पत्रांमध्ये एकच दुखणं वेगवेगळ्या तोंडांनी बोललंय, म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा देतेय. नावं आणि गावाच्या खुणा नेहमीप्रमाणे काढल्या आहेत.

प्रश्न: ताई, सलाम. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्या ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. आता आम्ही पिंपरी-चिंचवडला असतो, मी बिलिंगची नोकरी करते, दोन मुलं आहेत. मंडळीत (आमच्या चर्चमध्ये) मी संडे स्कूल घेते, क्वायरमध्ये आहे, महिला मंडळाची सेक्रेटरी आहे आणि लॉकडाऊनमध्ये पहाटे पाचची ऑनलाइन प्रार्थना सुरू झाली ती अजून चालू आहे, तिची लिंकपण मीच टाकते. दर शुक्रवारी उपास. पण वर्षभर झालं, प्रार्थनेला बसते आणि आत काहीच हलत नाही. बायबल उघडते, डोळे ओळींवरून फिरतात, बंद करते. गाण्याच्या वेळी सगळे हात वर करतात म्हणून मीही करते आणि मनात चाललेलं असतं की उद्या डब्याला काय द्यायचं. मागे साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभं केलं तर मी जुनीच साक्ष नवीन असल्यासारखी सांगितली आणि घरी येऊन बाथरूममध्ये रडले. मंडळीतल्या एका मोठ्या बाईंना धीर करून सांगितलं तर म्हणाल्या, कुठलंतरी पाप लपलेलं असणार, शोध, आणि अजून तीन दिवस उपास धर. धरला, ऑफिसात चक्कर येऊन पडले. मिस्टर म्हणतात सगळं सोडून दे. मला देव नको झालाय असं नाही हो, तोच मिळत नाहीये. मी ढोंगी झालेय का? माझा विश्वास गेला का?

उत्तर: ताई, सलाम. तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मी कितीतरी वेळ वाचत बसले, 'देव नको झालाय असं नाही, तोच मिळत नाहीये'. ज्याचा विश्वास खरंच गेला तो असं लिहायला बसत नाही, त्याला काही फरकच पडत नाही. तुम्हाला पडतोय, इतका की बाथरूमचं दार लावून रडावं लागलं. तेव्हा ढोंगी हा शब्द आधी मनातून काढून टाका. तुम्ही दमलायत. नोकरी, घर, दोन मुलं आणि त्यावर मंडळीतली चार कामं, आणि त्यातलं एक पहाटे पाचला. मला तर प्रश्न पडला की तुम्ही झोपता कधी.

बर्नआउट म्हटलं की आपल्याला आयटीतली पोरं आठवतात. पण हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये त्यावर लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात सेवा म्हणून राबणारी माणसं होती, तो स्वतः पण त्यातलाच. म्हणजे सुरुवातच मनापासून झिजणाऱ्यांपासून झाली. जो वरवर काम करतो तो असा जळून जात नाही, तुमच्यासारखी जीव ओतणारी बाईच जळते, आणि मंडळीत तर नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हटल्यासारखं वाटतं, म्हणून तिथे जास्तच.

आता एलीया संदेष्ट्याकडे या. बायबलमधलं 'पहिले राजे' हे पुस्तक, १९वा अध्याय. संडे स्कूलमध्ये आपण मुलांना १८वा शिकवतो, कर्मेल डोंगर, बआल दैवताचे ४५० संदेष्टे, आकाशातून अग्नी, मुलं टाळ्या वाजवतात, आणि बहुतेक वेळा तास तिथेच संपतो. पण लगेच पुढच्या पानावर तोच माणूस ईजबेल राणीच्या एका निरोपाने पळत सुटतो, बैर-शेब्यात आपल्या गड्याला सोडतो, एकटाच दिवसभर रानात चालतो आणि एका झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, परमेश्वरा, माझा जीव घे. आणि झोपतो. मग देवदूत येतो आणि काय करतो ते नीट बघा. तो त्याला वचन सांगत नाही, तुझ्यात काय पाप आहे ते विचारत नाही, कर्मेलवरचा तुझा विश्वास कुठे गेला असंही म्हणत नाही. हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलेलं. एलीया खातो, पाणी पितो आणि परत आडवा होतो, आणि देवदूत त्याला परत झोपू देतो! नंतर दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही तेच, ऊठ, खा, वाट तुला झेपणारी नाही. होरेब डोंगरावरचं ते वादळ, भूकंप, अग्नी आणि मग ती शांत, मंद वाणी, हे सगळं त्याच्या फार नंतर आलंय, दोन वेळा जेवून झोपून आणि चाळीस दिवस चालून झाल्यावर. आपण मात्र दमलेल्या माणसाला थेट होरेबवर उभं करतो आणि वाणी ऐकू येत नाही म्हणून त्यालाच रागावतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं अगदी साधं आहे, शुक्रवारचा उपास आजपासून बंद करा, आणि पहाटे पाचची लिंक दुसऱ्या कोणालातरी टाकू द्या. चक्कर येऊन पडलात ना, मग डॉक्टरकडे जा, हिमोग्लोबिन बघा, थायरॉइड बघा. आपल्याकडे कित्येक बायका रक्त कमी असताना उपास धरतात आणि अंगात त्राण नाही म्हणून स्वतःला अविश्वासू समजतात, हे बघून मला खरंच पोटात तुटतं. आणि झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा एलीयासारखं 'आता पुरे, जीव घे' असं कधी मनात आलं तर त्याच दिवशी कोणालातरी सांगा, वाट बघू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिकडे फोन करणं म्हणजे विश्वास कमी पडला असं कोणी म्हटलं तर त्यांना त्या देवदूताची भाकर दाखवा.

त्या मोठ्या बाईंचं बोलणं तुम्हाला फार लागलंय असं पत्रावरून दिसतं. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा, ते आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. तोंड उघडलं तेव्हा तेही हेच म्हणायला लागले की तू काहीतरी केलं असशील. शेवटी ४२व्या अध्यायात देव त्यांना स्पष्ट सांगतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. आपल्या हातून घडलेली एखादी ठराविक गोष्ट मनाला टोचत असेल तर ती प्रभूपुढे कबूल करावी, कोणाची माफी मागायची तर मागावी आणि पुढे जावं. पण काही सापडत नसताना स्वतःला खणत राहणं, हे पश्चात्ताप नाही, तो नुसता छळ आहे, आणि तो ख्रिस्ताने मागितलेला नाही.

प्रार्थनेचं म्हणाल तर तुम्ही ती वर्षभर करताय पण त्यात खरं बोलत नाही आहात असं मला वाटतं. म्हणजे खोटं बोलताय असं नाही हं, पण 'हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, तुझे उपकार मानतो' इथून सुरू होऊन ठरलेल्या शब्दांवरून गाडी पुढे जाते आणि तुमच्या मनात जे आहे ते तोंडातून येतच नाही. एकदा येऊ द्या. 'प्रभू, मला तुझा कंटाळा आलाय, मला तू दिसत नाहीस, मला त्या क्वायरच्या प्रॅक्टिसला जायचं नाही.' चालतं हे. स्तोत्रसंहितेत याहून कडू बोललेलं आहे. स्तोत्र १३ काढा, किती वेळ, परमेश्वरा, मला कायमचा विसरलास का, असं सरळ विचारलंय. आणि स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच आहे, बाकीच्या बहुतेक विलापाच्या स्तोत्रांमध्ये शेवटी कुठेतरी आशेची एक ओळ येते, इथे येत नाही, अंधार म्हणून ते थांबतं. आणि ते कोणाच्या नावावर आहे? कोरहाच्या वंशजांच्या, म्हणजे मंदिरातल्या गायकांच्या. क्वायरवाल्यांच्याच घरातलं स्तोत्र आहे ते, ताई! कोणी ते शास्त्रातून काढून टाकलं नाही, शतकानुशतकं लोक ते देवासमोर म्हणत आलेत. तुम्हीही रोज फक्त एक स्तोत्र मोठ्याने म्हणा, स्वयंपाकघरात उभ्याने म्हटलंत तरी चालेल, आणि त्यानंतर काही वाटलं पाहिजे अशी अट घालू नका.

आता तुम्ही विचाराल की इतकी सेवा करून मला प्रभू का मिळू नये. यावर मला पंडिता रमाबाईच आठवतात. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं, विधवा मुलींसाठी अहोरात्र काम चाललेलं, टीका सगळीकडून चाललेली. आणि १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतरची कितीतरी वर्षं, साधारण आठ, माझ्याजवळ ख्रिस्ती धर्म होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. विचार करा, ज्यांच्या नावाने आज केडगावचं मुक्ती मिशन उभं आहे त्या बाई हे छापून सांगतात, आणि त्यात कोणाचा दोष काढत नाहीत, स्वतःला मारून घेत नाहीत, फक्त तसं होतं हे सांगतात. काम चालूच होतं आणि आतली जागा रिकामी होती. मग जेव्हा त्यांना उमगलं की देवाने स्वीकारावं म्हणून आपल्याला काही व्हावं लागत नाही, आहोत तसं यायचं आहे, तेव्हा त्यांना शांती मिळाली. आपण आपल्या मुलींना रमाबाईंचं काम सांगतो, ही आठ वर्षं सांगत नाही, ती सांगायला पाहिजेत.

आता कामांचं. मिस्टर म्हणतात सगळं सोड, मी सगळं म्हणणार नाही. पाळकसाहेबांना वेळ मागून घ्या, मिस्टरांना सोबत न्या, आणि सांगा की मी आजारी पडतेय, तीन कामं मी या महिन्याअखेर देतेय. विनंतीच्या सुरात सांगितलंत तर ते प्रार्थना करून तुम्हाला परत कामाला लावतील, आपल्या मंडळ्यांमध्ये असंच होतं, म्हणून ठरवून सांगा. ज्या एका कामात तुमचा जीव अजून थोडा लागतो ते ठेवायचं असेल तर ठेवा, मुलांचा वर्ग असेल कदाचित. आणि काही रविवार नुसत्या बाकावर जाऊन बसा, मागच्या ओळीत, हातात ना हजेरीची वही ना गाण्यांची फाइल. गावंसं वाटलं तर गा, नाही तर दुसऱ्यांचं गाणं ऐका. तुम्ही गप्प असताना तुमच्या वाटचा विश्वास शेजारची म्हातारी म्हणत असते, मंडळी असते ती त्यासाठीच. आणि लोक काय म्हणतील याचं उत्तर मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे. प्रभू पहाटे एकटा रानात जाऊन प्रार्थना करत होता, शिमोन आणि बाकीचे शोधत आले, म्हणाले सगळे लोक तुला शोधताहेत, आणि तो त्या लोकांकडे परत न जाता दुसऱ्या गावांकडे निघाला. कफर्णहूमात लोक शोधत होते तरी निघाला. होरेबवर एलीयालाही देवाने पुढचं काम देताना सोबतच त्याची जागा घेणारा अलीशा दिला, आणि सांगितलं की माझ्याशी एकनिष्ठ राहिलेले अजून सात हजार आहेत. तुमच्या महिला मंडळातही एखादी अलीशा बसलेली असेल जिला कोणी कधी विचारलंच नाही.

शेवटचं, साक्षीबद्दल. परत उभं केलं तर नवीन चमत्कार शोधू नका. मार्कच्या ९व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आहे ना, तो म्हणाला ते म्हणा, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका'. येशूने त्याला आधी पूर्ण विश्वास घेऊन ये असं सांगितलं नाही, त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरच मुलगा बरा केला. तुम्ही असं उभं राहून बोललात तर मला खात्री आहे, उपासना सुटल्यावर दोन-तीन जणी गेटपाशी थांबून तुम्हाला म्हणतील, माझंही असंच चाललंय.

प्रश्न: नमस्कार, मी वसईचा, वय २६. लहानपणी वेदीसेवक होतो, आता पॅरिशच्या युवा गटात. रोजरी, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सगळं करत आलो. पण हल्ली कम्युनियन (मिस्सात मिळणारी प्रभुभोजनाची भाकर) घेऊन जागेवर येतो आणि काहीच वाटत नाही, एकदम ब्लँक. कन्फेशनला जायचीपण इच्छा नाही. असं खोटं जगण्यापेक्षा मिस्साला जाणंच बंद करावं असं जवळजवळ ठरवलंय. आईला सांगायची हिंमत नाही. बरोबर करतोय का?

उत्तर: बाळा, ठरवलंयस ते आत्ता करू नकोस. कारण सांगते. लोयोलाचे संत इग्नाशियस, ज्यांनी जेझुइट संघ काढला, त्यांनी आध्यात्मिक साधनेसाठी नियम लिहून ठेवलेत आणि त्यातला एक असा आहे की मन कोरडं, उदास, अंधारलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. चांगल्या दिवसांत जे ठरवलं होतं त्यावर टिकून राहायचं, कारण अशा काळात आपल्याला सल्ला देणारा आवाज भलताच असतो. हे त्यांनी पुस्तकं वाचून लिहिलेलं नाही. १५२२ मध्ये स्पेनमध्ये मानरेसाला ते स्वतः यातून गेले, तासन्‌तास प्रार्थना, कडक उपास, एकदा तर आठवडाभर काही खाल्लं नाही, शेवटी कन्फेशन ऐकणाऱ्या फादरने जेवायला लावलं. परत परत कन्फेशन करूनही मन शांत होईना, जीव द्यावा असंसुद्धा त्यांच्या मनात आलं. तब्येत कायमची बिघडली. पुढे संघ सुरू केल्यावर तेच इग्नाशियस आपल्या लोकांना सांगायचे की शरीराची काळजी घ्या, नको तितके उपास करू नका.

वरच्या ताईंना मी कामं सोडायला सांगितली आणि तुला थांब म्हणतेय, यात गोंधळ वाटेल म्हणून स्पष्ट करते. युवा गटाचं काम डोईजड झालं असेल तर बिनधास्त सुट्टी घे, ते काम आहे. मिस्सा हे काम नाही, तिथे तुला काही करून दाखवायचं नाहीये, तू जेवायला जातोस. भूक नसताना पण घरच्या पंगतीत बसतोच ना आपण.

आणि कम्युनियननंतर काही वाटत नाही म्हणून ते खोटं, हे तुझं गणित मला पटत नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला धक्का बसला, कारण कलकत्त्याचं काम सुरू झाल्यापासून पुढे जवळजवळ आयुष्यभर त्यांना आतून देव जाणवतच नव्हता. रोज मिस्सा, रोज आराधना, रोज रस्त्यावरचे मरणारे लोक उचलणं आणि आत नुसता काळोख. त्यांना यात आधार मिळाला तो आपल्या पुण्यातल्या एका फादरकडून, हे फार लोकांना माहीत नाही. फादर जोसेफ नॉयनर, ऑस्ट्रियाचे जेझुइट, पुण्याला धर्मशास्त्र शिकवायचे, २००९ मध्ये वयाची शंभरी ओलांडून वारले. १९६० च्या सुमारास मदरनी त्यांना आपली अवस्था लिहून दिली. फादरनी जे सांगितलं त्याचा सारांश असा की यावर माणसाच्या हातात उपाय नाही, त्यामुळे तुमचं काही चुकलंय असं समजू नका, देव जाणवणं हा तो असल्याचा एकमेव पुरावा नाही, आणि त्याच्यासाठी जी तळमळ लागलीय तीच तो आत असल्याची खूण आहे. मदरनी नंतर त्यांना कळवलं की आता मला हा अंधार आवडायला लागलाय.

तुझा अंधार तसाच आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही, तो नुसता थकवा असेल, नोकरीचं टेन्शन असेल, ट्रेनचा रोजचा प्रवास असेल, कुणाशी तुटलं असेल. ते तुला कळेल, पण एकट्याने विचार करून कळणार नाही. तुमच्या पॅरिशच्या फादरांसमोर लाज वाटत असेल तर दुसऱ्या पॅरिशमध्ये जा, कुणी तुला ओळखत नाही तिथे, आणि कन्फेशनच्या जाळीपलीकडे एवढंच म्हण की फादर, मला काहीच वाटत नाही. पापांची यादी नंतर. आणि आईला सांगून बघ रे, आया यातून गेलेल्या असतात, बोलत नाहीत एवढंच.

प्रश्न: मी खेड्यातल्या तीन मंडळ्यांचा पाळक आहे. बावीस वर्षं सेवेत. आता रविवारी वेदीवर उभा राहतो आणि वाटतं मी जे सांगतोय त्यावर माझाच विश्वास आहे का. हे मी कोणाला सांगू शकत नाही, सांगितलं तर मंडळी फुटेल. शनिवारी रात्री उपदेश तयार करताना हात थरथरतात.

उत्तर: पाळकसाहेब, पत्र पाठवलंत हे फार मोठं केलंत. निर्गम १८ तुम्ही दहादा शिकवला असेल, पण आता मोशेच्या जागी बसून वाचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांची रांग आणि हा एकटा न्याय करत बसलेला. सासरा येतो, दिवसभर बघतो आणि म्हणतो, तू करतोस ते बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावतो. तीन मंडळ्यांमध्ये तुमचे वडीलजन असतीलच, घरोघरच्या प्रार्थना आणि महिन्यातला एखादा उपदेश त्यांच्याकडे द्या. आणि आठवड्यातला एक दिवस खरोखर सुट्टी, रविवार तर तुमचा कामाचा दिवस असतो, मग सोमवार घ्या, फोन बाईसाहेबांकडे देऊन.

कोणालातरी सांगावं लागेल हे मात्र टळणार नाही. तुमच्या मंडळीतलं कोणी नको, ज्यांच्या हातात तुमची बदली आहे तेही नकोत. दुसऱ्या मिशनचा, दुसऱ्या जिल्ह्यातला एखादा निवृत्त पाळक शोधा ज्याला तुमच्याकडून काहीच नको आहे. हात थरथरतात म्हणता तर डॉक्टरलाही दाखवा, शुगर, बीपी आणि मनाचंही.

उपदेश कोरडा येत असेल तर काही रविवार विलापाची स्तोत्रं घ्या, ४२, ७७, ८८. वाचा, समजावा, बसा. जे तुमच्याजवळ नाही ते द्यायचं नाही, वचन आहे ते वाचून दाखवायचं. तुमच्या समोर बसलेल्यांमध्ये पीक गेलेली, पोरं गेलेली माणसं आहेत, त्यांना ते उपदेशाहून जास्त पोचेल.

आणि सेवा सोडायचा विचार डोक्यात असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे बघा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगरला अमेरिकन मिशनचं काम वर्षानुवर्षं केलं, आणि १९१७ मध्ये मिशनच्या कामातून बाहेर पडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले दोन्ही ख्रिस्तभक्त जिथे एकत्र येतील असा. ख्रिस्त सोडला नाही, चौकट सोडली, पण वर्षानुवर्षं विचार करून, कुठल्या थकलेल्या शनिवारी रात्री नाही. तुम्हीही आधी विश्रांती घ्या, निदान एक पूर्ण महिना वरिष्ठांकडून मागून घ्या, पुढचं पुढे बघू. मला परत लिहा, छापणार नाही.

प्रश्न: रात्री प्रार्थना करता करता मला झोप लागते. हे पाप आहे का?

उत्तर: नाही. लिझ्यूच्या संत तेरेझा मठात राहायच्या, त्यांनाही प्रार्थनेत वर्षानुवर्षं झोप लागायची, तसं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि त्याचं त्यांना दुःख वाटत नव्हतं, लेकरू झोपलेलं असलं तरी आईबापाला आवडतंच असं त्या म्हणायच्या. गेथशेमाने बागेत येशूचे शिष्य झोपले तेव्हा प्रभूनेही आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे हे ओळखलं होतं. तुम्ही रात्री अकरानंतर बसत असाल तर वेळ बदला, संध्याकाळी कामावरून आल्यावर चहाच्या आधी दहा मिनिटं बसून बघा. रात्री फक्त प्रभूची प्रार्थना म्हणा आणि झोपा.